माग गेले, कर राहिला

सोलापूरच्या पूर्व भागातून एका अठ्ठावन्न वर्षांच्या वाचकाचं पत्र आलं आहे. घर वडिलांनी बांधलेलं. मागच्या बाजूला पत्र्याची शेड, तिथे पूर्वी दोन माग चालायचे. वडील नऊ वर्षांपूर्वी गेले, माग सहा वर्षांपूर्वी भंगारात निघाले. मिळकत कराचं बिल अजूनही वडिलांच्याच नावाने येतं, वर्षाला १८,४०० रुपये. शेजारच्या तेवढ्याच घराला ७,००० येतं. पुण्याचा मेव्हणा म्हणतो, आमच्याकडे ४० टक्के सूट असते, तुम्हीच झोपलात. या रागात त्यांनी तीन वर्षं कर भरलेला नाही. आता एक मध्यस्थ भेटला आहे. २०,००० द्या, कर निम्म्यावर आणून देतो म्हणतो. आणि एक अडचण त्यांनी पत्राच्या अगदी शेवटी लिहिली आहे. २०१६ साली मुलासाठी वर एक खोली चढवली, ती विनापरवाना, नोंदही केलेली नाही. मुलगा आता नोकरीसाठी पुण्यात आहे, खोली बंदच असते. "ताई, अर्ज करावा तर वरची खोली उघडी पडते. न करावा तर कर बोकांडी बसतो. आधी भरून टाकावा तर आकारणी मान्य केल्यासारखं होतं. काय करू?"

दादा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि सोबतच्या बिलाचा फोटो चार वेळा. पत्रात राग आहे, पण उत्तर बिलात आहे. फोटो मोठा करून बघा. मालकाच्या रकान्यात वडिलांचं नाव. सोलापुरात आपण कुणालाही 'काय मालक' म्हणून हाक मारतो, त्यातलाच हा प्रकार म्हणायचा. त्याखाली घराची ओळ, वापर निवासी. तिच्याखाली शेडची ओळ, वापर बिगरनिवासी. आणि करांच्या यादीत तळाशी रोजगार हमी कर. हा कर राज्य सरकारचा, महापालिका तो फक्त गोळा करते, आणि तो लागतो बिगरनिवासी वापराला. म्हणजे कागदावर तुमच्या मागच्या शेडमध्ये आजही खडखडाट चालू आहे आणि वडील कांड्या भरत बसले आहेत.

माग उचलून नेले त्या दिवशी टेम्पो आला असेल, गल्ली गोळा झाली असेल. पण वापर बदलला, असं लिहून तुम्ही कुणाला दिलंत का? पत्रात तसा उल्लेख नाही, त्यावरून दिलं नसावं. मग कर लावणाऱ्याला कळणार कसं? तुमचा राग मला समजतो. नळाला पाणी रोज येत नाही, बिल मात्र चुकत नाही, ही सोलापुरातल्या घराघरातली तक्रार आहे. पण पाणी कमी आलं म्हणून आकारणी कमी होत नाही. ती लढाई वेगळी. इथे प्रश्न एवढाच आहे, की नोंदवहीतलं घर आणि विटामातीचं घर एक आहे का. तुमच्या बाबतीत नाही, आणि ते दोन्ही बाजूंनी नाही. शेड कागदावर जास्त आहे, वरची खोली कागदावर नाहीच.

आधी शेजाऱ्याचं मिटवू. आपल्याकडे कर घराच्या बाजारभावावर लागत नाही, तर करयोग्य मूल्यावर लागतो. जागा भाड्याने दिली तर वर्षाला रास्त भाडं किती येईल ते धरायचं, त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करायचे, उरतं ते करयोग्य मूल्य. महिन्याला २,००० रुपये धरले तर वर्षाचे २४,०००, वजा २,४००, राहिले २१,६००. करांचे टक्के या आकड्यावर चालतात. हे भाडं ठरताना क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार (आरसीसी, दगडी भिंती, पत्रा), वापर आणि आकारणी कुठल्या वर्षी झाली, एवढं सगळं बघितलं जातं. दोन घरं रस्त्यावरून सारखी दिसली म्हणून बिल सारखं येत नाही. शेजाऱ्याकडे माग नव्हते, हे तुम्हीच पत्रात लिहिलं आहे. आणि समजा त्यांची आकारणी खरोखर जुनी, कमी भाड्याची असली, तर तुमच्या तक्रारीने त्यांचं बिल वाढेल, तुमचं एका रुपयानेही उतरणार नाही. फुकट भिंतीला भिंत लागून वैर.

मेव्हण्याचं म्हणणं खोटं नाही, पण ते पुण्याचं आहे. स्वतः राहत असलेल्या घराला ४० टक्के सवलत ही पुणे महापालिकेची पद्धत. मधे ती बंद झाली होती, २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली, आणि तिथेही पीटी-३ नावाचा फॉर्म भरावा लागतो. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना २०२२ पासून मालमत्ता करात माफी आहे, तीही मुंबईपुरती ठरलेली. प्रत्येक महापालिकेचे ठराव वेगळे. लग्नाच्या पंगतीत ऐकलेली सवलत सोलापूरच्या खिडकीवर मागायला गेलात, तर तिथला माणूस नुसता बघत राहील.

आता तीन वर्षं न भरण्याबद्दल. इथे मी जरा कडक बोलणार आहे. भरलं म्हणजे मान्य केलं, हा समज चुकीचा आहे आणि महाग आहे. कर दोन सहामाहींत मागितला जातो, एप्रिलपासून आणि ऑक्टोबरपासून, आणि मुदतीत न भरलेल्या रकमेवर महिन्याला २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढते. १८,४०० वर महिन्याला ३६८ रुपये. वर्षाला ४,४१६. सगळ्यात जुन्या बिलावर तीन वर्षांत १३,२४८, आणि हे फक्त एका वर्षाच्या बिलाचं झालं. एवढं व्याज आपल्या भिशीतसुद्धा कुणी लावत नाही. शिवाय उद्या आकारणी कमी झालीच, तर ती पुढच्यासाठी होण्याची शक्यता जास्त. मागची थकबाकी आपोआप पुसली जात नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ४०६ खाली कोर्टात अपील करता येतं, पण मागितलेली रक्कम आधी जमा करावी लागते. न भरता या कलमाखाली कोर्टात भांडायची सोयच नाही.

म्हणून भरा, आणि सोबत एक अर्ज द्या: 'वापराच्या नोंदीबाबत माझी हरकत कायम ठेवून ही रक्कम भरत आहे.' एवढं एक वाक्य पुरे.

तुम्ही म्हणाल, अभय योजना येईल तेव्हा भरू. सोलापुरात अशा योजना येऊन गेल्या आहेत, लोकअदालतीतही थकबाकीची प्रकरणं मिटवतात. पण माफी मिळते ती शास्तीत, मूळ करात नाही. आणि पुढची योजना कधी, किती टक्क्यांची, हे आज कुणाच्या हातात नाही. सध्या चालू असेल तर जरूर घ्या. नसेल तर निदान मूळ रकमेतलं जमेल तेवढं भरून शास्तीची गाडी मंद करा. वेळेवर भरणाऱ्याला चार-पाच टक्क्यांचं गाजर आणि थकवणाऱ्याला मोठी माफी, हे मला कधीच पटलं नाही. पण ते माझं रडगाणं झालं.

मध्यस्थाचे २०,००० देऊ नका. हा उपदेश म्हणून नाही, हिशेब म्हणून सांगते. तुमची शेड खरंच रिकामी असेल तर जे काम साध्या कागदावरच्या अर्जाने व्हायचं, त्यालाच तो २०,००० मागतो आहे. आणि काम खरं नसेल, म्हणजे तो क्षेत्रफळात किंवा बांधकामाच्या प्रकारात हात मारणार असेल, तर पुढच्या सर्वेक्षणात ते बाहेर येईल. तेव्हा मध्यस्थाचा मोबाइल बंद लागेल आणि नोटीस तुमच्या दारावर चिकटेल.

वरच्या खोलीचा विषय तुम्ही शेवटी लिहिलात. मला वाटतं, पत्र लिहायला बसलात ते त्याच्यासाठीच.

लग्नानंतर मी काही वर्षं दुसऱ्या एका गावात राहिले. तिथे आमच्या आकारणीच्या उताऱ्यावर तीन खोल्यांचं घर चार खोल्यांचं झालं होतं. जिन्याखालची जागा, जिथे सायकल आणि गौरींचे मुखवटे ठेवायचो, तीही खोली म्हणून लागलेली. सासूबाई आणि मी शिंप्याची टेप घेऊन घर मोजायला बसलो. मी टेप धरायची, त्या दुधाच्या हिशेबाच्या वहीत आकडे लिहायच्या. मोजता मोजता परसात पोचलो आणि लक्षात आलं, मागचं न्हाणीघर उताऱ्यात नाहीच. मी टेप गुंडाळायला लागले. सासूबाईंनी पेन न उचलता विचारलं, "लांबी किती म्हणालीस?" अर्जात दोन्ही लिहिलं. बिल वर्षाला ११० रुपयांनी उतरलं. त्यांनी त्या ११० चे पेढे आणले आणि वाटताना प्रत्येकाला न्हाणीघराची गोष्ट सांगितली.

तुमची खोली न्हाणीघराएवढी सोपी नाही, हे मला कळतं. नवं बांधकाम किंवा वाढीव बांधकाम पूर्ण झालं की पंधरा दिवसांत महापालिकेला कळवायचं, असा नियम आहे. तो तुम्ही पाळला नाही. परवानगीही नाही. अशा बांधकामाला कलम २६७-अ खाली कराच्या दुप्पट शास्ती लागू शकते, मागच्या वर्षांची आकारणीही होऊ शकते. निवासी घरांच्या बाबतीत या शास्तीत मधल्या काळात बऱ्याच सवलती आल्या, म्हणून आपल्याकडे सध्या कुठला ठराव लागू आहे ते आधी विचारून घ्या. आणि हे पक्कं लक्षात असू द्या: कर लागला म्हणजे बांधकाम अधिकृत झालं असं नाही. पावती दाखवून खोली वाचत नाही.

मग गप्प बसावं का? तोही एक रस्ता आहे, तो नाही असं मी म्हणणार नाही. पण शेडचा अर्ज देऊन गप्प बसता येणार नाही. निरीक्षक शेड बघायला येणार, आणि तुमच्याच पत्रावरून वरच्या खोलीचा लोखंडी जिना शेडच्या दाराशीच उतरतो. तो माणूस वर बघणारच. म्हणजे पर्याय खरे दोनच. काहीच न करता बिगरनिवासी कर भरत राहायचं, नाहीतर दोन्ही गोष्टी एकदम सांगायच्या. पहिल्यात शांतता आहे, पण घर विकताना, कर्ज काढताना किंवा भावंडांत वाटणी करताना ती खोली पुन्हा समोर उभी राहील, आणि तेव्हा घाई दुसऱ्याची असेल. मी तुमच्या जागी असते तर दुसरा रस्ता धरला असता. पण क्रम सांभाळून. आधी परवानाधारक अभियंत्याला घर दाखवा. सामासिक अंतरं (घराभोवती सोडायची मोकळी जागा) आणि चटई क्षेत्र (प्लॉटवर किती बांधता येतं ते) बघून खोली नियमित होण्यासारखी आहे का, प्रशमन शुल्क, म्हणजे ती नियमित करून घ्यायला भरायची रक्कम, साधारण किती येईल, हे त्याच्याकडून काढून घ्या. त्याची फी लागेल, पण ती मध्यस्थाच्या २०,००० सारखी हवेत जाणार नाही. मग वहिनींना आणि मुलाला समोर बसवून बेरीज-वजाबाकी करा. शेडचं कमी होणार, खोलीचं वाढणार. बिल तुमच्या मनातल्या ७,००० वर येणार नाही, एवढी तयारी ठेवा.

आणखी एक विचारते. शेडचं पुढे काय करणार आहात? वहिनींच्या मनात तिथे शिकवणी वर्ग काढायचं आहे, असं तुम्ही ओझरतं लिहिलं आहे. किंवा चादरीच्या गठ्ठ्यांना गोडाऊन म्हणून भाड्याने द्यायचं. तसं असेल तर वापर पुन्हा बिगरनिवासीच ठरणार, मग आज निवासी करून घेण्याचा खटाटोप कशाला? महिन्याला ३,००० भाडं आलं तर वर्षाचे ३६,००० झाले. शेडपायी जास्तीचा कर त्यातून भरूनही हातात उरेल. हे आधी घरात ठरवा. कर कमी करणं हेच ध्येय धरून बसलात तर रिकामी शेड उंदरांना आंदण दिल्यासारखं होईल.

राहायलाच वापरायची ठरली, तर पुरावे जमवा. माग विकल्याची पावती असेल तर उत्तम. नसेल तर थ्री फेजचा मीटर कायमचा बंद केल्याचा कागद सगळ्यात बोलका. मीटर अजून चालू असेल तर आधी तो बंद करा, नाहीतर निरीक्षक मीटरकडे बोट दाखवेल आणि तुमच्याकडे उत्तर नसेल. आजचे फोटो काढा, शेडमध्ये पलंग किंवा चूल दिसेल असे. आकारणीचा उतारा मागून घ्या आणि त्यावरची मापं स्वतः मोजून ताडून बघा. पत्र्याची शेड पत्र्याचीच लागली आहे ना, हेही बघा.

अर्ज कर आकारणी विभागाच्या नावाने, पण द्यायचा तुमच्या झोन ऑफिसात. दोन प्रती न्या. एकीवर शिक्का आणि आवक नंबर घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका. 'साहेब जेवायला गेलेत' म्हटलं तर बाहेर चहा प्या, परत जा. पुढे फेरआकारणी झाली की विशेष नोटीस येईल. तिच्यात हरकतीची मुदत छापलेली असते. आकडा पटला नाही तर त्या मुदतीत लेखी हरकत द्या आणि सुनावणीला स्वतः हजर राहा. ही पायरी चुकवू नका, कारण करयोग्य मूल्याबद्दल आधी तक्रार केलेली नसेल तर ४०६ चं अपील दाखलच होत नाही. आणि अपिलाला मुदत फक्त पंधरा दिवसांची आहे. पंधरा दिवस म्हणजे गड्ड्याची यात्रा संपेपर्यंत गेलेसुद्धा.

नावाचंही याच खेपेत करून टाका. मालक वारल्यावर वारसांनी वर्षाच्या आत कळवायचं असतं, तुम्हाला नऊ झाली. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, भावंडांचं संमतीपत्र लागेल. विजयपूरला दिलेल्या बहिणीची सही कशी मागायची, असा संकोच तुमच्या पत्रातून जाणवला. तिला फोनवर सरळ सांगा, की कराच्या बिलावर नाव लागलं म्हणून मालकी ठरत नाही, तो वेगळा कागद आणि सिटी सर्व्हेचा उतारा वेगळा. तिचा हक्क यात बुडत नाही. हे तिला तुमच्याकडून कळलेलं बरं, जावयाकडून नको. नोंद बदलून मिळणं ही महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खालची सेवा आहे. अर्ज नुसता पडून राहिला तर त्या कायद्याखालीही अपील करता येतं.

अशीच पत्रं आणखी बरीच आली आहेत, त्यांना थोडक्यात इथेच. जुना फ्लॅट किंवा घर विकत घेणाऱ्यांनी खरेदीनंतर तीन महिन्यांच्या आत नाव बदलण्यासाठी कळवावं, आणि व्यवहाराआधी थकबाकी नसल्याचा दाखला मागावा. कराचा बोजा मिळकतीवर असतो, आधीचा मालक निघून गेला तरी थकबाकी घराबरोबर तुमच्याकडे येते. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा पत्नींना २०२० पासून राज्यात एका निवासी मिळकतीवर करमाफीची योजना आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला घेऊन अर्ज करावा लागतो, आपोआप लागत नाही. घर सलग रिकामं पडणार असेल तर रिकामं झाल्याबरोबर लेखी कळवा. नंतर सांगून त्या काळातल्या कराचा परतावा मिळत नाही. सौर वॉटर हीटर, पाणी जिरवणं, ऑनलाइन किंवा आगाऊ भरणा, यावर सवलत आहे का आणि किती, ते त्या वर्षीच्या बिलाच्या मागच्या बाजूला वाचा. टक्का दरवर्षी बदलतो, आणि बिलाची मागची बाजू आपल्यातलं कुणी वाचत नाही.

दादा, तुम्ही या सोमवारी फक्त दोन कामं करा. आकारणीचा उतारा मागा आणि अभियंत्याची वेळ घ्या. अर्ज त्यानंतर. आणि झोन ऑफिसला निघताना वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्याच्या दोन झेरॉक्स जास्त न्या, एक कुठेतरी हमखास मागतात.